एनर्जी ड्रिंकची सुरक्षितता आणि प्रयोगशाळेतले प्राणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खाली 'रॅट' म्हणजे साधारण पाव किलो वजनाचा प्रयोगशाळेतला मोठा उंदीर आणि 'माऊस' म्हणजे २५ ग्रॅमच्या आसपासचा लहान उंदीर. हिशेबासाठी धरलेलं पेय बाजारात सर्रास आढळणाऱ्या घडणीचं आहे: २५० मिलीच्या कॅनमध्ये ८० मिग्रॅ कॅफीन, १००० मिग्रॅ टॉरिन, ६०० मिग्रॅ ग्लुकुरोनोलॅक्टोन, २७ ग्रॅमच्या आसपास साखर, थोडी बी गटातली जीवनसत्त्वं आणि सायट्रिक आम्ल.

एनर्जी ड्रिंक बाजारात आणण्याआधी प्राण्यांवर चाचणी करावीच लागते का?

बहुतेक वेळा नाही. कॅफीन, टॉरिन, साखर, बी जीवनसत्त्वं यांची विषशास्त्रीय माहिती आधीच भरपूर उपलब्ध आहे. कॅफीनबद्दल तर माणसांवरचीच इतकी माहिती आहे की रॅटला पुन्हा कॅफीन पाजून नवं काही हाती लागत नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने, म्हणजे इफ्साने, २०१५ साली निरोगी प्रौढांसाठी एका वेळी २०० मिग्रॅ आणि दिवसभरात ४०० मिग्रॅ ही कॅफीनची मर्यादा सांगितली. ती माणसांच्या अभ्यासांवरून ठरवली होती.

प्राण्यांची गरज पडते ती वेगळ्या प्रसंगी: अन्नात पूर्वी न वापरलेला घटक किंवा वनस्पतीचा अर्क घालायचा असेल, एखाद्या घटकाचं प्रमाण नेहमीपेक्षा खूप वाढवायचं असेल, किंवा गर्भावस्था, वाढतं वय, दीर्घकाळचं सेवन अशा बाबींबद्दल प्रश्न असेल, ज्यात माणसांवर प्रयोग करणं शक्य नाही. 'आमच्या ब्रँडचं पेय रॅटला पाजून बघू' एवढ्यावर प्रस्ताव आला, तर नैतिक समितीने तो परत पाठवावा हे उत्तम.

पेय जसंच्या तसं तपासायचं की घटक सुटे सुटे?

सुरक्षिततेची मर्यादा ठरवायची असेल तर घटक सुटे, आणि परस्परपरिणाम बघायचे असतील तर मिश्रण. तयार पेय कॅनमधून काढून तपासण्याचा उपयोग फार मर्यादित आहे. का, ते पुढच्या दोन उत्तरांतल्या आकड्यांवरून कळेल.

कॅनमधली मात्रा रॅटसाठी कशी बदलायची?

६० किलोच्या माणसाने एक कॅन प्यायला तर त्याला किलोमागे १.३३ मिग्रॅ कॅफीन मिळतं. लहान प्राण्यांचा चयापचय वेगवान असल्यामुळे किलोमागे तेवढीच मात्रा त्यांच्यावर कमी परिणाम करते. म्हणून शरीराच्या पृष्ठभागावर आधारलेलं रूपांतर वापरतात: माणसाच्या किलोमागच्या मात्रेला रॅटसाठी ६.२ ने आणि माऊससाठी १२.३ ने गुणायचं. म्हणजे एका कॅनएवढी मात्रा रॅटमध्ये किलोमागे सुमारे ८.३ मिग्रॅ कॅफीन झाली.

आता हेच पेयाच्या आकारमानाला लावून बघा. एक कॅन म्हणजे माणसाला किलोमागे ४.१७ मिली पेय. रॅटसाठी ते झालं २५.८ मिली, म्हणजे २५० ग्रॅमच्या रॅटच्या पोटात साडेसहा मिली घालायला हवं. तोंडातून पोटात उतरवलेल्या नळीने एका वेळी पाजायची नेहमीची मर्यादा किलोमागे १० मिली आहे. पाण्यातल्या द्रावणासाठी फार तर २०. म्हणजे अडीच मिली, अगदी ओढूनताणून पाच. एक कॅनसुद्धा एका वेळी बसत नाही. माऊसचं गणित याहून बिकट: हवं १.२८ मिली, मावतं पाव ते अर्धा मिली. सुरक्षिततेच्या चाचणीत तर माणसाच्या सेवनाच्या अनेक पट मात्रा द्यायची असते.

इथे एक चूक सारखी दिसते. पृष्ठभागाचं रूपांतर करायचं आणि त्यावर पुन्हा 'प्राणी ते माणूस' असा दहाचा भागही द्यायचा. त्या दहामध्ये चयापचयाच्या फरकासाठी ४ पट आधीच धरलेलं असतं (उरलेलं २.५ पट परिणामाच्या संवेदनशीलतेसाठी), त्यामुळे फरक दोनदा मोजला जातो. प्रयोगाची मात्रा ठरवताना रूपांतर वापरा; सुरक्षित सेवनाची पातळी काढताना किलोमागचे सरळ आकडे घेऊन सुरक्षेचा भाजक (सेफ्टी फॅक्टर) लावा. दोन्ही एकाच तक्त्यात मिसळू नका.

'किलोमागे २००० मिग्रॅ देऊनही एकही प्राणी दगावला नाही' असं अहवालात असतं. हे पुरेसं नाही का?

पेय जसंच्या तसं दिलं असेल तर हे वाक्य जवळजवळ पोकळ आहे. साखरयुक्त पेयाची घनता १.०४ च्या आसपास असते. २००० मिग्रॅ पेय म्हणजे किलोमागे दोन मिलीही नाही. ६० किलोच्या माणसाला ते सुमारे ११५ मिली पडतं, म्हणजे अर्ध्या कॅनपेक्षा कमी! त्याने कोणी दगावलं नाही यात नवल काय?

२००० मिग्रॅची मर्यादा ही शुद्ध पदार्थासाठी आहे. ओईसीडीच्या (ही चाचण्यांच्या पद्धती ठरवणारी आंतरराष्ट्रीय संघटना) तीव्र विषाक्तता चाचण्यांमध्ये (क्रमांक ४२०, ४२३ आणि ४२५) ती त्याच अर्थाने येते. जुनी, भरमसाट प्राणी लागणारी ४०१ क्रमांकाची पद्धत ओईसीडीने २००२ साली रद्द केली. एखाद्या नव्या अहवालात तिचा हवाला दिसला तर बाकीचं जरा जपूनच वाचा. शुद्ध कॅफीनची निम्मे रॅट मारणारी तोंडावाटेची मात्रा किलोमागे साधारण २०० ते ४०० मिग्रॅच्या पट्ट्यात येते, आणि ती आधीच माहीत आहे. ती पुन्हा शोधायला प्राणी मारण्याचं काही कारण नाही.

मग पेय आटवून घट्ट करून पाजता येईल का?

साखरवालं पेय दहा पट आटवलं की पाक होतो. नळीतून उतरत नाही, आणि उतरलाच तर आतड्यात पाणी ओढून हगवण लावतो. मग हगवणीमुळे घटलेलं वजन 'पेयाचा परिणाम' म्हणून नोंदलं जातं. बिनसाखरेचं पेय आटवणं त्यातल्या त्यात बरं, पण आम्लही दहा पट होतं आणि जठराच्या अस्तरावर त्याचे डाग दिसतात.

सरळ मार्ग म्हणजे शुद्ध कॅफीन, टॉरिन आणि ग्लुकुरोनोलॅक्टोन वजन करून कॅनमधल्याच प्रमाणात मिसळायचे. त्यात दोन अडचणी येतात. पहिली विद्राव्यतेची. टॉरिन खोलीच्या तापमानाला १०० मिली पाण्यात सुमारे १० ग्रॅम विरघळतं. किलोमागे १००० मिग्रॅ टॉरिन १० मिलीत द्यायचं म्हणजे मिलीमागे १०० मिग्रॅ, अगदी काठावर. सकाळी स्वच्छ दिसणारं द्रावण फ्रिजमध्ये ठेवलं की तळाशी स्फटिक बसतात आणि दुसऱ्या दिवशी प्राण्याला वरचं पातळ पाणी मिळतं. अशा वेळी मात्रा काही तासांच्या अंतराने दोनदा विभागून द्या, किंवा ०.५ टक्के कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोजमध्ये निलंबन (न विरघळलेले कण तरंगत राहणारं मिश्रण) करून पाजताना सतत ढवळत राहा.

दुसरी अडचण जास्त मूलभूत आहे. कॅनमध्ये कॅफीन आणि टॉरिनचं प्रमाण १ : १२.५ आहे. मिश्रणात टॉरिन १००० मिग्रॅपर्यंत न्यायचं तर कॅफीन ८० मिग्रॅवर जातं, आणि एवढ्या कॅफीनला रॅट चांगलाच अस्वस्थ होतो. म्हणजे मिश्रणात छत कॅफीनच ठरवतं, बाकीच्या घटकांची खरी कसोटी लागतच नाही. म्हणूनच टॉरिन आणि ग्लुकुरोनोलॅक्टोन यांच्या मर्यादा सुट्या अभ्यासांतूनच निघाल्या.

नळीने पाजायचं की बाटलीतून पिऊ द्यायचं?

या विषयातला सगळ्यात कळीचा प्रश्न हा आहे. अमेरिकेची अन्न-औषध नियामक संस्था एफडीए हिच्या प्रयोगांनी १९८० च्या सुमारास गाभण रॅटना कॅफीन नळीने दिलं, तेव्हा रोज किलोमागे ८० मिग्रॅ आणि त्यावरच्या मात्रांना काही पिल्लं पायांची बोटं नसलेली निघाली. त्यावरून १९८० साली एफडीएने गर्भवतींना कॅफीन टाळण्याचा सल्लाही दिला. पुढे तेच कॅफीन पिण्याच्या पाण्यातून दिलं. रोजची मात्रा किलोमागे २०० मिग्रॅपर्यंत गेली तरी बोटं नसलेलं एकही पिल्लू आढळलं नाही, फक्त हाडं पक्की होण्यात थोडा उशीर दिसला. दिवसाची बेरीज जास्त, परिणाम कमी. फरक होता तो रक्तात एकदम चढणाऱ्या उंचीचा.

एनर्जी ड्रिंकच्या बाबतीत माणूस दोन्ही प्रकारे वागतो: कोणी तासभर घोट घोट घेतो, कोणी एका दमात कॅन रिकामा करतो. त्यामुळे प्रश्न हृदयाचे ठोके, झटके, तातडीचे परिणाम यांचा असेल तर नळी योग्य. महिनोन्महिने पिण्याचा असेल तर बाटली योग्य. कोणतीही पद्धत घ्या, निदान काही प्राण्यांच्या रक्तातलं कॅफीन १५, ३०, ६०, १२० आणि २४० मिनिटांनी मोजा. त्याशिवाय मात्रेचा आकडा फक्त कागदावर राहतो.

बाटलीतून दिलं तर नेमकं किती पोटात जातं?

२५० ग्रॅमचा रॅट दिवसाला साधारण २५ ते ३० मिली पाणी पितो. पाण्याऐवजी पेयच ठेवलं आणि तो ३० मिली प्यायला, तर कॅफीन ९.६ मिग्रॅ, म्हणजे किलोमागे सुमारे ३८ मिग्रॅ. माणसात रूपांतर केलं तर ६० किलोच्या व्यक्तीला ३७० मिग्रॅच्या आसपास, साडेचार कॅन. पण गोड पाणी समोर असलं की रॅट गरजेपेक्षा बरंच जास्त पितो, त्यामुळे खरा आकडा आणखी चढतो. शिवाय त्या ३० मिलीतून ३.२ ग्रॅम साखर, १३ किलोकॅलरी जाते. रॅटच्या दिवसाच्या ऊर्जेचा हा जवळजवळ चतुर्थांश. साहजिकच तो खाद्य कमी खातो, म्हणजे प्रथिनं आणि क्षारही कमी. तीन महिन्यांनी यकृतात चरबी दिसली तर दोष कोणाचा: कॅफीनचा, साखरेचा की अपुऱ्या आहाराचा?

मोजमापातल्या गळती तर विचारू नका. बाटली रोज ठरल्या वेळी वजन करून लावायची आणि काढायची. वायू न काढलेलं पेय बाटलीत दाब तयार करतं आणि नळीच्या टोकातून आपोआप ठिबकतं. भुसा ओला आणि नोंदवहीत 'सेवन वाढले'. यासाठी एक रिकामा पिंजरा ठेवून त्यालाही तशीच भरलेली बाटली लावा. त्यातली रोजची घट म्हणजे तुमची गळती. ती प्रत्येक आकड्यातून वजा करा. पेय रोज ताजं भरा, बाटली आणि नळीचं टोक रोज धुवा. साखरेत बुरशी आणि जंतू लगेच धरतात.

दोन बाटल्या ठेवून एकीत साधं पाणी दिलं तर प्राण्यावर सक्ती राहत नाही, हे चांगलं. मात्र बाटल्यांच्या जागा रोज अदलाबदल करा. रॅटना एका बाजूची सवय लागते.

तुलनेसाठी कोणते गट हवेत?

फक्त 'पाणी' आणि 'पेय' असे दोन गट ठेवून केलेले अभ्यास ढिगाने सापडतात आणि त्यातून फारसं काही सिद्ध होत नाही. निदान हे गट हवेत: साधं पाणी, तेवढीच साखर आणि सायट्रिक आम्लाने तेवढाच सामू (पीएच, साधारण ३ ते ३.५) असलेलं पाणी, फक्त तेवढंच कॅफीन, पूर्ण पेय, आणि जमल्यास बिनसाखरेचं पेय. पूर्ण पेयाचा परिणाम 'फक्त कॅफीन' गटापेक्षा वेगळा निघाला तरच बाकीच्या घटकांबद्दल बोलायचा अधिकार मिळतो. प्राण्यांची संख्या वाढते म्हणून गट कापण्याचा मोह होतो. पण निष्कर्ष न निघणाऱ्या प्रयोगात गेलेले सगळेच प्राणी वाया जातात, तेव्हा त्यापेक्षा मात्रांच्या पायऱ्या कमी करा.

रॅट माणसापेक्षा कुठे वेगळा पडतो?

तीन ठिकाणी, आणि तिन्ही याच पेयाच्या घटकांशी निगडित. कॅफीनचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला माणसाला साधारण पाच तास लागतात; रॅटला तास-दोन तास. शिवाय माणसात कॅफीनचा ८० टक्क्यांच्या आसपास भाग पॅराझँथिनमध्ये बदलतो, रॅटमध्ये वाटा बऱ्याच वेगवेगळ्या रेणूंमध्ये विभागला जातो. टॉरिन रॅटच्या यकृतात मुबलक तयार होतं. आणि ग्लुकुरोनोलॅक्टोनच्या मार्गावरून रॅट व माऊस क जीवनसत्त्व बनवू शकतात, माणसाला ते जमत नाही. या शेवटच्या कारणाने कृंतक (उंदीरवर्गीय) प्राणी ग्लुकुरोनोलॅक्टोनसाठी योग्य आहेत का, यावर युरोपातल्या तज्ज्ञ समितीत सुरुवातीला शंका घेतली गेली होती. गिनीपिग क जीवनसत्त्व बनवत नाही, त्यामुळे त्या एका मुद्द्यासाठी तो माणसाला जवळचा. मांजर मात्र टॉरिनसाठी अजिबात चालत नाही: तिला ते पुरेसं बनवता येत नसल्याने आहारातूनच लागतं.

पेय पाजण्याआधी कसं तयार करायचं?

एकाच बॅचचे कॅन घ्या, बॅच क्रमांक आणि मुदत नोंदवा. पेय बीकरमध्ये ओतून मॅग्नेटिक स्टररवर अर्धा तास किंवा सोनिकेटरमध्ये १५ ते २० मिनिटं ठेवून वायू पूर्ण काढा. रॅटला उलटी करता येत नाही; वायू पोटातच फुगतो, श्वास दडपतो. वायू गेल्यावर सामू मोजून लिहा, पेय खोलीच्या तापमानाला आणून मगच पाजा. उरलेलं गडद बाटलीत २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवा, कारण बी गटातली काही जीवनसत्त्वं उजेडात नासतात.

लेबलवर विसंबू नका. कॅफीन एचपीएलसीवर (द्रवातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) २७३ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात सहज मोजता येतं. टॉरिन त्या प्रकाशात दिसतच नाही. त्याला आधी ओपीए किंवा तत्सम अभिकर्मकाने चिन्हांकित करावं लागतं, नाहीतर मास स्पेक्ट्रोमीटर हवा. पेयात ग्वाराना असेल तर कॅफीन प्रत्यक्ष मोजण्याला पर्यायच नाही: त्याच्या बियांत २ ते ५ टक्के कॅफीन असतं आणि ते लेबलवरच्या आकड्यात धरलेलं असेलच असं नाही. प्राण्यांचं खाद्यही तपासा. फिशमील घातलेल्या खाद्यात टॉरिन असतं.

नळीने पाजताना प्राणी दगावतात ते कशाने?

बहुतेकदा पेयाने नाही, हाताने. पाव किलोच्या रॅटसाठी १६ ते १८ गेजची, गोल टोकाची, ७५ ते १०० मिमी लांबीची पोकळ सुई (हीच पाजायची नळी) घ्या; माऊससाठी २० ते २२ गेज, २५ ते ३८ मिमी. सुई प्राण्याच्या अंगाशेजारी धरून तोंडापासून शेवटच्या बरगडीपर्यंतची लांबी मोजा आणि खूण करा. मान सरळ, डोकं किंचित मागे, सुई तोंडाच्या कडेने सरकवायची. ती स्वतःच्या वजनाने घसरली पाहिजे. अडली की जोर लावायचा नाही. बाहेर काढून पुन्हा. नाकातून फेस आला किंवा प्राणी धापा टाकू लागला तर पेय श्वासनलिकेत गेलंय.

शवविच्छेदनात फुप्फुसात फेस, छातीच्या पोकळीत गोड चिकट द्रव किंवा अन्ननलिकेला छिद्र दिसलं तर तो मृत्यू पाजण्यातल्या अपघाताचा म्हणून वेगळा नोंदवा. हे न केल्यामुळे 'उच्च मात्रेच्या गटात दोन मृत्यू' असे निष्कर्ष छापले जातात. प्रयोगाच्या आधी तीन ते पाच दिवस प्राण्यांना हाताळायची आणि साधं पाणी पाजायची सवय लावा. धरपकडीच्या ताणानेही रक्तातलं कॉर्टिकोस्टेरोन हे ताणाचं संप्रेरक चढतं आणि नेमकं कॅफीनसारखं दिसतं.

किती दिवसांचा अभ्यास, किती प्राणी?

आधी २८ दिवसांचा (ओईसीडी ४०७): दर गटात निदान ५ नर, ५ माद्या. त्यावरून ९० दिवसांचा (४०८): १० आणि १०, तीन मात्रा व एक नियंत्रण गट. मात्रांमधलं अंतर दोन ते चार पट. सुरुवातीला एका लिंगातल्या प्राण्यांची वजनं सरासरीच्या २० टक्क्यांच्या आत हवीत, आणि निदान पाच दिवस रुळायला द्यायचे. खोली २२ अंश, तीन अंश इकडे-तिकडे. १२ तास उजेड, १२ तास अंधार. वजन आणि खाद्य दर आठवड्याला. कर्करोगाच्या अभ्यासाला (४५१) दर गटात प्रत्येक लिंगाचे ५० प्राणी लागतात आणि दोन वर्षं जातात. नव्या घटकाला जनुकीय चाचण्यांत (जनुकांना इजा होते का ते बघणाऱ्या) काही आढळलं नसेल तर तिथवर जाण्याची वेळ सहसा येत नाही.

जनुकीय चाचणीतही तयार पेय वापरू नका. एम्स चाचणी जिवाणूंवर होते, आणि पेयातलं बेन्झोएट किंवा सॉर्बेट हे परिरक्षक त्याच जिवाणूंची वाढ रोखू शकतं.

हृदयावरचे परिणाम रॅटमध्ये तपासता येतात का?

रक्तदाब आणि ठोके, हो. ईसीजीमधला क्यूटी कालावधी (ठोक्यानंतर हृदयाची विद्युतस्थिती पूर्ववत व्हायला लागणारा वेळ), नाही. रॅट आणि माऊसच्या हृदयपेशी ज्या पोटॅशियम प्रवाहाने पूर्वस्थितीला येतात तो माणसातल्यापेक्षा वेगळा आहे. 'रॅटमध्ये क्यूटी वाढला नाही' हा दिलासा म्हणूनच फसवा. त्यासाठी गिनीपिग, ससा किंवा माणसाच्या स्टेम पेशींपासून बनवलेल्या हृदयपेशी घ्या. हा प्रश्न उगाच काढलेला नाही: २०१९ साली ३४ निरोगी स्वयंसेवकांवर झालेल्या चाचणीत एनर्जी ड्रिंकनंतर चार तासांनी (ठोक्यांच्या वेगानुसार) दुरुस्त क्यूटी निष्क्रिय पेयाच्या तुलनेत ६ ते ७.७ मिलिसेकंदांनी जास्त आढळला.

रक्तदाब शेपटीला पट्टा बांधून मोजाल तर प्राण्याला आधी आठवडाभर त्या नळकांड्याची सवय करा. शक्य असेल तर पोटात बसवायचा टेलिमेट्री ट्रान्समीटर वापरा. प्राणी पिंजऱ्यात मोकळा असतानाचे आकडे मिळतात आणि प्राणीही कमी लागतात.

सूक्ष्मदर्शकाखाली नर रॅटच्या हृदयात तुरळक पेशीनाश आणि तंतू दिसले की घाईने शिक्का मारू नका. वाढत्या वयाच्या नर रॅटमध्ये, विशेषतः स्प्रेग-डॉली जातीत, हा बदल आपोआप होतो. मूत्रपिंडाचंही तसंच. नियंत्रण गटाच्या काचा तेवढ्याच बारकाईने, आणि कोणती काच कोणत्या गटाची हे न कळता, वाचायला हव्यात.

वर्तनाच्या चाचण्यांत काय फसतं?

वेळ. रॅट निशाचर आहे. सकाळी दहाला कॅफीन पाजून 'झोप उडाली' म्हणणं आणि माणसाला मध्यरात्री कॅन देणं सारखंच. चाचणी अंधाराच्या पाळीत लाल दिव्यात घ्या आणि पाजल्यापासून ३० ते ६० मिनिटांच्या ठरावीक अंतरावरच घ्या.

दुसरं म्हणजे कॅफीनचा परिणाम एका दिशेने चढत जात नाही. किलोमागे १० ते ३० मिग्रॅला धावपळ वाढते, १०० च्या पुढे ती उलट घटते. मोकळ्या चौकटीत शांत बसलेला रॅट सुरक्षित असेलच असं नाही. कंप, लाळ, केस उभे राहणं, स्वतःला चावणं हे डोळ्यांनी बघून नोंदवावं लागतं. दीर्घकाळ दिलेलं पेय बंद केल्यावरचे पहिले दोन दिवसही मोजणीत घ्या, तेव्हाची मरगळ हा सवय सुटल्याचा परिणाम असतो.

पौगंडावस्थेतली मुलं हे पेय जास्त पितात. त्यासाठी कोणत्या वयाचे रॅट?

जन्मानंतर २८ ते ४२ दिवसांचे. हा काळ दोनच आठवड्यांचा, त्यामुळे ९० दिवसांच्या अभ्यासातून या वयाचं उत्तर मिळत नाही; ते वेगळं आखावं लागतं. या दिवसांत प्राण्याचं वजन झपाट्याने वाढतं, म्हणून मात्रा रोजच्या वजनावर काढा, आठवड्याच्या नाही.

दारूबरोबर घेतल्यास?

मुद्दा विषाक्ततेपेक्षा झिंग झाकली जाण्याचा आहे. दारू दिलेला माऊस फिरत्या दांड्यावरून पडतो. कॅफीनने त्याची चपळाई वरवर परत येते, पण रक्तातलं अल्कोहोल घटत नाही. म्हणून रक्तातलं अल्कोहोल आणि दांड्यावरचा वेळ एकाच प्राण्यात मोजा. एफडीएने नोव्हेंबर २०१० मध्ये कॅफीन घातलेली माल्ट मद्यपेयं विकणाऱ्या चार कंपन्यांना इशारापत्रं दिली होती.

आकडेवारीत सर्वांत मोठी चूक कोणती?

एका पिंजऱ्यात तीन रॅट, बाटली एक, आणि हिशेबात तीन स्वतंत्र नोंदी. कोण किती प्यायलं हे कोणालाच माहीत नाही! बाटली सामायिक असेल तर पिंजरा हे एकक. गाभण माद्यांच्या अभ्यासात (४१४, दर गटात सुमारे २० गाभण माद्या) पिल्लू नव्हे तर वेत हे एकक. अनेक गटांची नियंत्रणाशी तुलना करताना डनेटची चाचणी घ्या, सुट्या टी-टेस्टची रांग लावू नका.

टॉरिनची 'सुरक्षित' पातळी कशी ठरली?

हा प्रवास शिकण्यासारखा आहे. रॅटवरच्या १३ आठवड्यांच्या अभ्यासात किलोमागे ३००, ६०० आणि १००० मिग्रॅ टॉरिन दिलं. ऊतींत दोष दिसला नाही, पण सगळ्याच मात्रांना वागण्यात फरक जाणवला: जास्त चळवळ, स्वतःला इजा करण्याची शक्यता. त्यामुळे २००३ साली युरोपच्या समितीला वर्तनाच्या बाबतीत निर्धोक पातळी सांगता आली नाही. मग खास वर्तनाचा अभ्यास झाला, नळीने आणि पिण्याच्या पाण्यातूनही, १५०० मिग्रॅपर्यंत. आधीचे परिणाम त्यात दिसले नाहीत. २००९ मध्ये इफ्साने ऊतींवरच्या परिणामांसाठी १००० मिग्रॅ ही निर्धोक पातळी मानली.

आता ताळा करा. रोज १.४ कॅन पिणाऱ्या ६० किलोच्या माणसाला किलोमागे २३.३ मिग्रॅ टॉरिन मिळतं. १००० भागिले २३.३ म्हणजे ४३. नेहमीची अपेक्षा १०० पटीची, तरी ४३ चालवून घेतलं, कारण टॉरिन शरीरातच बनणारा पदार्थ आहे आणि १००० ही ऊतींच्या त्या अभ्यासात तपासलेली सर्वांत मोठी मात्रा होती, दोष दिसू लागलेली नव्हे. बाहेरच्या वनस्पतीच्या अर्काला हीच सवलत मागता येणार नाही.

प्रयोग कधी थांबवायचा?

झटके, सतत कंप, स्वतःला चावून जखम, किंवा वजनात २० टक्के घट दिसली की त्या प्राण्याची वेदनारहित अखेर करायची. 'अजून दोन दिवस बघू' हे नाही. ही लक्षणं आणि जबाबदार व्यक्ती प्रस्तावातच लिहिलेली असावी, सुट्टीच्या दिवशीची सुद्धा.

दातांची झीज रॅटमध्ये तपासता येते का?

येते, पण पुढचे दात बघू नका. ते आयुष्यभर वाढत राहतात आणि झीज भरून निघते. खालच्या जबड्यातल्या दाढांची जिभेकडची बाजू बघा. यासाठी बाटलीतूनच पाजावं लागतं, नळीने दिलेलं पेय दातांना शिवतही नाही. आणि तुलना तेवढ्याच सामूच्या सायट्रिक आम्लाच्या पाण्याशी करा.